गोदामामागील गवत व बॅटरीचे यंत्र

मृग नक्षत्र लागले की आमच्या बेळगावकडील पाऊस महिनाभरात आवारातील गवत गुडघ्याएवढे वाढवितो. ज्यांची दुकाने जुन्या पेठेत भिंतीस भिंत लावून उभी आहेत, त्यांस याची झळ नाही. परंतु ज्या सभासदांनी गावाबाहेर गोदामे बांधली, त्यांच्या वाट्यास अर्ध्या-एक गुंठ्याचे मोकळे आवारही आले. तेथील गवताचे काय करावे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक खरा. पण भिंतीलगत गवत माजले की उंदरांस आडोसा मिळतो, उंदरांमागून साप येतो, भिंतीची ओल सुकत नाही आणि तळच्या थप्पीतील पोत्यांस बुरशी धरते. धान्याच्या व्यापाऱ्यास तिकडे डोळेझाक करून चालत नाही.

काही बंधू तणनाशक फवारून मोकळे होतात. आम्हांस हे मान्य नाही. जेथे लोकांच्या मुखी जाणारे अन्न साठवावयाचे, त्या भिंतीपाशी विष शिंपडणे हे व्यापारदृष्ट्याही अनुचित; आणि आपल्या आचार्यांनी तर विष दुसऱ्याच्या हाती देण्याससुद्धा हिंसादान म्हटले आहे. दुसरा पक्ष म्हणतो, आपण हात लावू नये, मजुरास सांगावे, म्हणजे दोष आपल्याकडे येत नाही. हा युक्तिवाद ऐकला की आम्हांस नवल वाटते. कृत, कारित व अनुमोदित हे तिन्ही एकाच पंक्तीत बसविलेले आहेत, हे पाठशाळेतील मूलही सांगेल. गवत कापणे हा गृहस्थाचा आरंभ आहे. तो टळत नसेल तर जेवढा आवश्यक तेवढाच, आणि डोळे उघडे ठेवून करावा. निष्कारण वनस्पती तोडणे ही प्रमादचर्या. भिंतीलगत दोन हात पट्टा स्वच्छ ठेवणे ही नव्हे, असे आमचे मत आहे.

आता यंत्राविषयी. पात्याऐवजी नायलॉनची दोरी गरगर फिरवून गवत कापण्याची युक्ती अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी जॉर्ज बॅलस या गृहस्थास १९७१ साली सुचली. मोटार धुण्याच्या यंत्रातील फिरते ब्रश पाहून त्याने एका रिकाम्या डब्यास मासेमारीची दोरी बांधून प्रयोग केला. पेट्रोलवर चालणारी अशी यंत्रे आपल्याकडे शेतांतून दिसतात. पण त्यांचा आवाज, धूर आणि तेलाचा वास गोदामाच्या दाराशी नको. लहान आवारास बॅटरीचेच यंत्र योग्य, याविषयी आम्हांस शंका नाही.

शंका आहे ती खरेदीविषयी, आणि तेथे आम्ही स्वतः फसलो आहो. दुकानदाराने खोक्यावरील ‘२० व्होल्ट’ हे अक्षर दाखविले. शेजारच्यावर १८ लिहिले होते. आम्ही वीस घेतले. पुढे कळले की दोन्ही बॅटऱ्या एकच. आत पाच घट. नुकत्याच भरलेल्या घटाचा दाब चारच्या वर जातो व काम करू लागताच तो ३.६ च्या आसपास उतरतो. पहिला आकडा धरला तर वीस, दुसरा धरला तर अठरा. चाळीस वर्षे ओलसर तुरीचे वजन व वाळलेल्या तुरीचे वजन यांतील भेद ग्राहकास समजावून सांगणाऱ्या माणसाने येथे ओला माल वाळल्या भावाने घ्यावा, याची आमच्या घरी अद्याप थट्टा होते.

खरे माप निराळेच. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा, म्हणजे बॅटरीत माल किती आहे ते वॉट-तासांत समजते. अठरा व्होल्ट व २ अँपिअर-तास म्हणजे ३६. तेच ४ अँपिअर-तास असल्यास ७२. छत्तीस व्होल्टची २ अँपिअर-तासांची बॅटरीही ७२ च. यंत्र २५० वॉट ओढीत असेल तर ७२ वॉट-तास सुमारे सतरा मिनिटे पुरतात, ३६ त्याच्या निम्मे. आमची बॅटरी छत्तीसची होती, हे वाचकांनी ओळखलेच असेल. अर्ध्या गुंठ्यास ७२ पुरते. त्याहून मोठ्याच्या मोहात पडू नये, कारण वजन हातास भारी पडते. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्रास बसत नाही; सबब घरी त्याच कंपनीचे भोके पाडण्याचे यंत्र असल्यास प्रथम तेच पाहावे. दोरी आपल्या गावात सुटी मिळते की नाही, हेही आधी विचारावे.

बॅटरी गोदामात ठेवू नये. बारदानाच्या ढिगाजवळ तर कदापि नाही. काम संपताच गरम असताना ती भरावयास लावू नये, आणि काही महिने काम नसेल तर अर्धी भरून सावलीत ठेवावी.

दोरी मऊ दिसते म्हणून तिला निरुपद्रवी समजू नये. ती खडा बंदुकीच्या छऱ्याप्रमाणे उडविते. डोळ्यांस चष्मा व पायांत जाड बूट हवेतच. आमच्या सुनेने लावलेल्या बकुळीच्या रोपाभोवती आम्ही मोठ्या हौसेने यंत्र फिरविले. खोडाची साल सभोवार निघाली आणि दीड महिन्यात रोप वाळले. झाडाच्या बुंध्याजवळचे गवत हातानेच काढावे, हा धडा एका जिवाच्या मोलाने मिळाला. झिजलेल्या दोरीचे बारीक तुकडे मातीत राहतात, ही गोष्टही आम्हांस खुपते. तीवर आमच्यापाशी उपाय नाही.

जीवरक्षणाच्या दृष्टीने आम्ही एवढे करतो. कापण्यापूर्वी काठीने गवत हलवीत एक फेरी मारावी व बेडूक-टोळांस वाट द्यावी. यंत्राचे तोंड जमिनीपासून चार बोटे वर धरावे, म्हणजे मातीलगतचे जीव बचावतात. पहिली मोठी कापणी चातुर्मासाआधी उरकावी. नंतर केवळ भिंतीलगतचा पट्टा. उरलेले आवार कार्तिकापर्यंत हिरवे राहिले तर व्यापार बुडत नाही.

आणि एक गोष्ट खोक्यावर लिहिलेली नसते. पूर्वी आमच्याकडे एक बाई विळा घेऊन येत, गवत कापून म्हशीस नेत, वर मजुरीही मिळे. यंत्राने गवताचा भुगा होतो. तो गुरे खात नाहीत. यंत्र आणले त्या वर्षी त्या दोनदा येऊन रिकाम्या परत गेल्या, हे आम्हांस उशिरा कळले. आता यंत्र केवळ भिंतीच्या पट्ट्यास लागते आणि कुंपणाकडील सारे गवत त्यांचे. ज्यांच्या आवारात असे कोणी येत असेल, त्यांनी खरेदीस जाण्यापूर्वी त्यांना एकदा विचारावे.