प्रश्नचिन्हांचा पत्ता

“फोल्डरचं नाव इंग्रजीत ठेवा, मॅडम, म्हणजे प्रश्न मिटला.” आमच्या महाविद्यालयातील संगणकशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी हे वाक्य अत्यंत सद्भावनेने उच्चारले. सद्भावनेने उच्चारलेली वाक्येच अधिक काळजीपूर्वक तपासावी लागतात, म्हणून हा लेखप्रपंच. साहित्याच्या अभ्यासकांसाठी असलेल्या या जागेत संगणकाच्या भाषेचा विषय आणल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण विषय शेवटी भाषेचाच आहे.

प्रसंग साधा होता. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावांतून बोलीतले शब्द, म्हणी आणि ओव्या टिपून आणल्या होत्या. प्रत्येक गावाच्या नावाचा एक फोल्डर, आणि ते सगळे ‘बोली-संग्रह’ या एका मोठ्या फोल्डरात. संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने त्यांची सूची करणारा छोटा प्रोग्राम सी भाषेत लिहून दिला. या प्रोग्रामने सुरुवातीलाच एक प्रश्न विचारायचा होता : मी आत्ता कुठे आहे? विंडोजवर चालवल्यावर त्याला मिळालेल्या उत्तरात ‘बोली-संग्रह’च्या जागी चार प्रश्नचिन्हे, एक संयोगरेषा आणि पुन्हा सहा प्रश्नचिन्हे होती. विंडोजमध्ये फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. म्हणजे संगणकाने जो पत्ता दिला, त्या पत्त्यावर काही असणे शक्यच नव्हते. सूची अर्थातच रिकामी आली.

सहकाऱ्यांचे म्हणणे असे, की सी ही प्रमाणित आणि सर्वत्र चालणारी भाषा. तिला गावगाडा ठाऊक नाही. अडचण आहे ती नावात. नाव ‘पोर्टेबल’ ठेवले की सारे सुरळीत होईल. या म्हणण्यात दोन गृहीतके आहेत : सी स्थलनिरपेक्ष आहे, आणि ‘पोर्टेबल’ म्हणजे रोमन. दोन्ही तपासून पाहू.

डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी सी घडवली. तिचे अमेरिकी प्रमाणरूप १९८९ मध्ये आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणरूप १९९० मध्ये आले. पुढे १९९९, २०११, २०१८ आणि २०२४ मध्ये सुधारित आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. या सगळ्या आवृत्त्यांत फाइल उघडण्याची, तिचे नाव बदलण्याची, ती काढून टाकण्याची सोय आहे. पण ‘मी सध्या कोणत्या डिरेक्टरीत आहे’ हे विचारण्याचा शब्द एकाही आवृत्तीत नाही. किंबहुना प्रमाण सीला डिरेक्टरी ही कल्पनाच मान्य नाही. ज्या यंत्रावर डिरेक्टरीच नाही, त्या यंत्रावरही सी चालावी, हे त्यामागचे कारण. आणि ते शहाणपणाचे आहे. सी-प्लस-प्लस या भाषेने २०१७ च्या प्रमाणरूपात ही सोय घेतली; सी अजून गप्प आहे.

मग प्रोग्राम आपला ठावठिकाणा विचारतो तो कोणाला? ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर तो चालतो आहे तिला, आणि तिच्याच बोलीत. युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणालींनी १९८८ च्या पॉझिक्स या समान संकेतात ‘गेटसीडब्ल्यूडी’ हे फंक्शन ठेवले. विंडोजमध्ये त्याच नावाआधी एक अधोरेषा येते, आणि त्याखेरीज विंडोजची स्वतःची, निराळ्या नावाची फंक्शनेही आहेत. प्रमाणभाषा आणि बोली यांचे नाते वर्गात शिकवणाऱ्याला हे चित्र अनोळखी वाटू नये. जे सर्वांचे आहे ते प्रमाणभाषेत सांगता येते. ‘इथे’ म्हणजे नेमके कुठे, हे मात्र बोलीतच विचारावे लागते. तेव्हा सीला गावगाडा ठाऊक नाही हे खरे, पण सीत लिहिलेल्या प्रोग्रामला त्याच्यावाचून पाऊल टाकता येत नाही.

युनिक्समध्ये हे उत्तर कसे शोधले जात असे, ते मुळातून पाहण्यासारखे आहे. तिथे डिरेक्टरीला स्वतःचे नाव ठाऊक नसते. तिच्यापाशी असतो तो फक्त एक क्रमांक. नाव असते ते तिच्या वरच्या, म्हणजे पालक डिरेक्टरीच्या यादीत. म्हणून जुनी रीत अशी : आपला क्रमांक लक्षात ठेवायचा, एक पायरी वर जायचे, तिथली यादी वाचून त्या क्रमांकासमोर कोणते नाव आहे ते पाहायचे, मग त्या पालकासाठी पुन्हा तेच. अखेर असे ठिकाण येते, जिथे पालक आणि आपण एकच. तिथे थांबायचे आणि गोळा झालेली नावे उलट्या क्रमाने जोडायची. आजच्या लिनक्समध्ये प्रणालीचा गाभाच हे उत्तर थेट देतो. पण नाव पालकाच्या यादीत असते ही मूळ व्यवस्था कायम आहे. प्रोग्राम चालू असताना कोणी ती डिरेक्टरी पुसून टाकली, तर प्रोग्राम तिथेच उभा राहतो. मात्र पत्ता विचारला की ‘असे स्थळ नाही’ असे उत्तर येते. धरणाखाली गेलेल्या गावाचे नाव आडनावात वागवणाऱ्या कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? ‘पीडब्ल्यूडी’ नावाच्या एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये मार्ग लिहिलेला असतोच, तो वाचावा. पण ती ऐकीव माहिती झाली. शेलने केव्हातरी ती नोंद केलेली असते. नंतर प्रोग्रामने जागा बदलली तरी नोंद आपोआप बदलत नाही. ज्या वाटेने आलो ती वाट आणि जिथे पोहोचलो ते ठिकाण यांत फरक असतो.

आता ‘गेटसीडब्ल्यूडी’च्या स्वभावाकडे वळू. आपण त्याला दोन गोष्टी द्यायच्या : उत्तर लिहिण्यासाठी मोकळी जागा, आणि ती जागा किती बाइटांची आहे हा आकडा. जागा अपुरी पडली तर ते अर्धामुर्धा पत्ता लिहून वेळ मारून नेत नाही. ‘नल’ परत करते आणि जागा कमी पडल्याची खूण ठेवते. मग आपण अधिक जागा द्यायची आणि पुन्हा विचारायचे. त्याचे एक जुने भावंड होते, ‘गेटडब्ल्यूडी’. ते जागेचे मापच विचारत नसे आणि पत्ता लांब निघाला तर शेजारच्या स्मृतीत घुसत असे. पॉझिक्सने २००८ मध्ये ते काढून टाकले.

आमच्या वर्गांत काय शिकवले जाते? जागेसाठी ८० किंवा १०० हा आकडा ठोकायचा, फंक्शन बोलवायचे, उत्तर छापायचे. ‘नल’ आले का, हे पाहायचे नाही. कारण परीक्षेत ते विचारत नाहीत. अनेक महाविद्यालयांत वर्षानुवर्षे टर्बो सी वापरले गेले. त्यात मार्गाची कमाल लांबी ८० धरलेली होती, आणि डॉसच्या जगात नाव आठ अक्षरांचे नि त्यापुढचे शेपूट तीन अक्षरांचे असताना ते चालूनही जाई. ते जग गेले, आकडा मात्र सवयीने राहिला. लिनक्सवर नाव सर्वसाधारणपणे यूटीएफ-८ या पद्धतीने साठवले जाते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘बोली-संग्रह’मध्ये डोळ्यांना पाच अक्षरे नि एक रेघ दिसते, लिनक्सच्या लेखी ते एकतीस बाइट. अशी तीन-चार नावे एकाखाली एक आली की शंभराची जागा भरलीच. आणि तेव्हा आलेले ‘नल’ कोणी वाचलेच नाही, तर प्रोग्राम कोसळतो किंवा बरळतो. दोष कोणावर येतो? मराठी नावावर!

प्रश्नचिन्हांचे कारण थोडे निराळे आहे. विंडोज आतल्या आत नावे युनिकोडमध्येच ठेवते. ‘बोली-संग्रह’ हे नाव तिथे सुखरूप होते. पण अधोरेषेच्या ‘गेटसीडब्ल्यूडी’ला उत्तर द्यावे लागते ते जुन्या, एका बाइटाच्या वर्णसंचात. तसा संच विंडोजने ग्रीक, रशियन, अरबी, थाई अशा लिप्यांसाठी केला होता. देवनागरीसाठी कधीच केला नाही. म्हणून ज्या चिन्हाला तिथे जागा नाही, त्याच्या बदल्यात प्रश्नचिन्ह. संगणकाला नाव ठाऊक होते, त्याच्या जुन्या दुभाष्याला मात्र उच्चारता येत नव्हते. याच फंक्शनचे रुंद अक्षरांचे रूप विंडोजमध्ये उपलब्ध आहे आणि ते नाव जसेच्या तसे देते. शिवाय विंडोज १० च्या २०१९ मधील एका आवृत्तीपासून प्रोग्रामला यूटीएफ-८ हाच आपला वर्णसंच असल्याचे जाहीर करता येते. म्हणजे उपाय होता. तो शिकवलेला नव्हता, एवढेच.

आता सहकाऱ्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. तो त्यांनी मांडला नाही, म्हणून मीच मांडते. पॉझिक्समध्ये ‘पोर्टेबल’ नावांसाठी एक वर्णसंच खरोखरच दिलेला आहे : रोमन लिपीतील मोठी आणि लहान मिळून बावन्न अक्षरे, दहा अंक, पूर्णविरामाचा ठिपका, अधोरेषा आणि संयोगरेषा. एकूण पासष्ट चिन्हे. मग त्यांचा सल्ला शास्त्रशुद्ध नाही का?

नाही. त्या पासष्ट चिन्हांचा अर्थ एवढाच, की इतकी तरी चिन्हे प्रत्येक प्रणालीने स्वीकारलीच पाहिजेत. ती यंत्राकडून घेतलेली किमान हमी आहे. माणसांवर घातलेली कमाल मर्यादा नाही. जे बंधन यंत्रावर होते, ते आपण अलगद वापरणाऱ्याच्या गळ्यात घातले. सर्वसमावेशक असे म्हणायचे, आणि प्रत्यक्षात जे सर्वांत कमी लोकांना अडचणीचे तेवढेच ठेवून बाकीचे गाळायचे, ही सार्वत्रिकतेची कल्पना साहित्यव्यवहारातही आपण पुष्कळ पाहिली आहे. ‘वैश्विक’ होण्यासाठी कथेतून गावाचे नाव काढा, बोली सौम्य करा, असे सांगणारे याच वाटेचे प्रवासी. ‘पोर्टेबल’ प्रोग्राम खरोखर कसा लिहितात ते त्यांनी पाहावे. ‘इथे विंडोज असेल तर असे विचार, युनिक्स असेल तर तसे’, अशा दोन शाखा त्यात उघडपणे लिहिलेल्या असतात. प्रत्येक ठिकाणाची रीत नावानिशी मान्य केल्यावरच तो सर्वत्र चालतो.

“मराठीच्या प्राध्यापकांनी यात कशाला पडावे?” असाही सूर उमटला. पडावे, कारण सल्ला साधा असला तरी किंमत साधी नव्हती. त्या संग्रहात गावाचे नाव हीच पहिली नोंद होती. देवनागरीत ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ वेगळे राहतात. साध्या रोमनमध्ये ते एकमेकांत मिसळतात. ज्या अभ्यासाचा विषयच उच्चारभेद आहे, त्याच्या फोल्डरवरून तो भेद पुसून टाकायचा आणि आत तो जतन केल्याचे समाधान मानायचे, हे मला मान्य नाही.

अखेर त्या विद्यार्थ्यानेच प्रोग्राम दुरुस्त केला. विंडोजसाठी रुंद अक्षरांची शाखा, इतरत्र पॉझिक्सची. जागा अपुरी पडली तर दुप्पट करून पुन्हा विचारणे. आणि उत्तर मिळालेच नाही तर तसे स्पष्ट सांगून थांबणे. सूची पूर्ण आली. एकाही गावाचे नाव बदलावे लागले नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. सी भाषेच्या प्रात्यक्षिकाला गुण देण्यापूर्वी विद्यार्थ्याचा प्रोग्राम देवनागरी नावाच्या फोल्डरातून एकदा चालवून पाहावा. चालला नाही तर प्रोग्राम सुधारून घ्यावा. आणि मराठीच्या विभागांनी, पुढच्या वेळी कोणी नाव बदलायला सांगितले, तर नम्रपणे विचारावे : ‘गेटसीडब्ल्यूडी’ने काय परत केले, ते तुम्ही तपासले होते का?