घमेलं कुणाच्या डोक्यावर?

गणपती आणि शिमगा हे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले दोन मोठे सण, तसेच घरातले मोठे निर्णय घ्यायचेही दिवस. मुंबईचा चाकरमानी गावी आलेला असतो, भाऊबंद ओटीवर जमलेले असतात. कौलं काढून स्लॅब टाकायचा का, बागेत बोअरिंग मारायचं का, सगळं तेव्हाच ठरतं. हल्ली या यादीत आणखी एक विषय ऐकू येतो. ‘एक जुना लोडर मिळतोय. स्वस्तात आहे. घेऊन टाकूया?’

लोडर म्हणजे ते बुटकं, चार चाकी यंत्र. पुढे बकेट, मधे पिंजऱ्यासारखी केबिन, आणि उभ्या जागी गर्रकन फिरणारं. कुणी त्याला बॉबकॅट म्हणतं, कुणी ‘छोटा जेसीबी’ म्हणून मोकळं होतं. महामार्गाची, बांधकामाची कामं आटोपली की अशी काही यंत्रं विक्रीला निघतात. मग ओटीवर चर्चा रंगते. इंजिन किती ताकदीचं, कुठल्या कंपनीचं, मालक ओळखीतला आहे का. चहाचे कप घेऊन आत-बाहेर करणारी घरातली बाई सगळं ऐकत असते. पण ‘तुला काय वाटतं गं?’ असं तिला कुणी विचारत नाही. मैत्रिणींनो, आज मला तिच्याशीच बोलायचंय.

कारण आमच्याकडची शेती चालवते कोण? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. त्याआधी २००१ ला हा आकडा ११३६ होता. मुलींना आमच्याकडे फार मान आहे म्हणून हा आकडा मोठा, असं समजू नका. पुरुष मुंबईला आणि बायका गावाला, एवढाच त्याचा अर्थ. चार दिवसांच्या सुट्टीत यंत्र पसंत करणारा माणूस पाचव्या दिवशी एसटीत बसतो. यंत्र, त्याचा हप्ता आणि त्याची दुरुस्ती मागे राहते ती बाईच्या पदरात.

आता शेतातली कामं आठवून बघा. नांगरणी, चिखलणी, बैल धरणं ही पुरुषांची. आणि बायकांची? भाजावळीसाठी कवळाचे भारे आणणं, गोठ्यातलं शेण काढणं, शेणखत शेतात नेऊन टाकणं, लावणी, बेणणी, कापलेल्या भाताचे भारे खळ्यावर आणणं, पेंढा आणणं. लावणी-बेणणी सोडली तर बाकीच्या बहुतेक कामांत एक गोष्ट सारखी आहे. ओझं उचलायचं, डोक्यावर घ्यायचं आणि चालायचं. चुंबळ हे आमच्या शेतीतलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं अवजार असेल, पण कुठल्याही कृषी प्रदर्शनात ते दिसत नाही!

हे ओझं केवढं असतं, त्याचा एक साधा हिशेब करू. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणातल्या वरकस जमिनींवर, कातळावर आंबा-काजूच्या बागा वाढल्या. आंब्याचं कलम लावायला मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल खड्डा घेतात. कातळातून निघालेले जांभ्याचे तुकडे पुन्हा भरून उपयोग नसतो. माती दुसरीकडून आणावी लागते आणि त्यात शेणखत घालावं लागतं. घमेल्यात बारा ते पंधरा लिटर माती मावते असं धरलं, तर एका खड्ड्याला सत्तर-ऐंशी घमेली लागतात. दहा-दहा मीटरवर कलमं लावली तर हेक्टरी १०० खड्डे. म्हणजे सात-आठ हजार घमेली! ती कुणी वाहिली? बागेच्या पाटीवर नाव ‘अमुक आणि सन्स’ असतं. घमेली वाहणाऱ्या त्यांच्या बायका आणि मजुरीला आलेल्या कातकरणी-कुळवाडणी त्या पाटीवर कुठेच नसतात.

म्हणून या लोडरच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते. १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात केलर आडनावाच्या दोन भावांनी हे यंत्र बनवलं. ते लोहारकामाचं दुकान चालवायचे. टर्की नावाचे कोंबडीसारखे मोठे पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला खुराड्यातली घाण काढायची होती. जागा अडचणीची, मधे खांब, मोठा ट्रॅक्टर आत वळेना. मग या भावांनी जागच्या जागी वळणारं छोटं, हलकं यंत्र तयार केलं. पुढच्याच वर्षी एका कंपनीने ते हाती घेतलं, आणि १९६२ पासून ते चपळ रानमांजराच्या नावाने, ‘बॉबकॅट’ म्हणून विकलं जाऊ लागलं.

बघा, हे यंत्र शेण-घाण उचलायलाच जन्माला आलं! आणि आमच्याकडे ते पोचलं ते कंत्राटदाराच्या रस्त्यावर, बिल्डरच्या साइटवर. गोठ्यातल्या बाईपर्यंत काही आलं नाही.

यंत्रं आली की बाईचे कष्ट आपोआप कमी होतात, हा एक गोड गैरसमज आहे. पॉवर टिलरचंच बघा. टिलर आला, बैल गेले, चिखलणी भराभर व्हायला लागली. चांगलंच झालं. पण लावणी हातानेच राहिली. पूर्वी बैलांच्या वेगाने चिखल तयार व्हायचा, लावणीवाल्या त्यामागून चालायच्या. आता टिलर पुढे निघून जातो आणि बांधावरून हाक येते, ‘आवरा गं लवकर!’ आमच्याकडची एक काकी म्हणते, “यंत्रान् बापयांची कंबर सुटली, आमची वाकलेलीच रवली.” काकी कुठल्या शाळेत गेलेली नाही, पण तिने जे सांगितलं ते भल्या भल्या तज्ज्ञांना सुचत नाही. म्हणून घरात कुठलंही यंत्र येणार असेल, तर पहिला प्रश्न ताकदीचा नको आणि किमतीचाही नको. याने कुणाच्या डोक्यावरचं ओझं उतरणार, हा पहिला प्रश्न हवा.

या प्रश्नाचं उत्तर ‘माझ्या’ असं आलं, तरी लगेच पैसे काढू नका. आपली जमीन त्या यंत्राला मानवते का, हे बघायला हवं. लोडरची चाकं गाडीसारखी वळत नाहीत. एका बाजूची चाकं जोरात आणि दुसऱ्या बाजूची हळू किंवा उलटी फिरवून तो वळतो. म्हणजे वळताना टायर जमिनीवर घासतात. कातळावर टायर लवकर झिजतात, ओल्या मळ्यात जमीन उकरली जाते आणि दाबली जाते. आमचे कुणगे हातरुमालाएवढे, मधे बांध, भोवती गडगे, घराकडे जायला पायऱ्यांची पाखाडी. पाखाडीवरून लोडर कसा उतरणार? जिथे गाडीरस्ता जातो अशी कातळावरची बाग, मोठा गोठा, चिऱ्यांचं-मातीचं सारखं काम, तिथे तो शोभतो. पाच-दहा गुंठ्यांच्या भातशेतीला त्यापेक्षा ट्रॉली जोडलेला टिलर बरा. टिलर घेताना पुरुषमाणसं बहुतेक वेळा फक्त नांगरणीचं बोलतात. ट्रॉलीचा आग्रह तुम्ही धरा, कारण भारे तुम्हाला आणायचे असतात.

दुसरी गोष्ट तासांची. वर्षातून आपल्या घरी लोडरला किती तास काम आहे? समजा, कर्जाचा हप्ता महिना १० हजार आहे. वर्षाचे झाले १ लाख २० हजार. काम निघालं १०० तासांचं. म्हणजे नुसत्या हप्त्याचेच तासाला १२०० रुपये पडले. डिझेल, ऑइल, टायर आणि चालवणारा वेगळाच. हा आकडा आणि भाड्याने तासाला काय घेतात तो आकडा शेजारी-शेजारी लिहा. एका लहान शेतकऱ्याच्या घरात बहुतेक वेळा भाडंच स्वस्त पडेल, असं माझं स्पष्ट मत आहे. पण खड्डे भरायच्या वेळी दोन दिवस यंत्र भाड्याने आणणं ‘उगाच खर्च’ आणि बाईचे पंधरा दिवस मात्र फुकट, हा हिशेब मला मान्य नाही. बाईच्या दिवसाची मजुरी धरल्याशिवाय कुठलाही हिशेब पुरा होत नाही.

घ्यायचंच तर चार-पाच घरांनी मिळून, किंवा बचत गटाने घ्यावं. पापड-लोणच्यांच्या पलीकडे गटाने जाऊ नये, असं कुठे लिहिलंय? गावात यंत्र भाड्याने देणारा बापयाच असला पाहिजे, असंही नाही.

आणि जुनं यंत्र बघायला जाताना तुम्ही स्वतः जा. ‘बायकांना त्यातलं काय कळतं’ हे ऐकून घ्यायचं आणि तरी जायचं. बाजारात मासळीचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय आपण पापलेट घेत नाही, मग इथे का लाजायचं? इंजिन आधीच तापवून ठेवलेलं नाही ना, ते जवळ हात नेऊन बघा. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला लावा. सतत निळसर धूर आला तर ऑइल जळतंय असं समजा. बकेटमध्ये माती भरून ती थोडी उचलायला सांगा आणि दांडा सोडून पाच मिनिटं बघत राहा. बकेट आपोआप खाली सरकत असेल, तर हायड्रॉलिकमध्ये दोष आहे. बकेटच्या सांध्यांतल्या पिना ढिल्या झाल्यात का, हातांवर वेल्डिंगचे टाके आहेत का, तेही बघा. मीटरवरचे तास कमी आणि पायाखालची पेडलं, टायर घासून गुळगुळीत, असं असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. एक मात्र सांभाळा. ऑइल गळतंय का ते बोट लावून कधीच बघायचं नाही. त्या बारीक धारेला इतका दाब असतो की तेल कातडीतून आत शिरतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघावं. आणि उचललेल्या बकेटखाली कुणीच उभं राहायचं नाही.

आपल्या भागासाठी आणखी दोन गोष्टी. यंत्र समुद्रकाठी उभं राहिलेलं असेल तर खाऱ्या हवेने पत्रा आणि वायरिंग खाल्लेलं असतं. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा किती वाहनं बुडाली ते आपण पाहिलंय. बुडालेलं यंत्र रंग मारून नवं दिसतं, पण सीटखाली आणि वायरींच्या कोपऱ्यांत गाळ राहतोच. तिथे हात घालून बघा. जवळचा मेकॅनिक बरोबर न्या आणि त्याचे पैसे आपण द्या, म्हणजे तो आपल्या बाजूने बोलेल.

आता कागद. यंत्राची आरटीओ नोंदणी असेल तर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर पुस्तकाशी ताडून बघा. त्यावर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल, तर त्यांचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पुरे पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. ‘नाव नंतर करू’ या तीन शब्दांवर कित्येक व्यवहार बुडालेत.

आणि नाव कुणाचं? पैशासाठी गंठण बँकेत तारण जातं बाईचं. बचत गटाचं कर्ज निघतं तिच्या सहीवर. मग पुस्तकावर तिचं नाव घालायला काय हरकत आहे? शासनाच्या यांत्रिकीकरण योजनेत नव्या अवजारांवर महिला शेतकऱ्यांना ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, तेवढंच अल्प आणि अत्यल्प भूधारकांनाही आहे. इतरांना ४० टक्के. जुन्या यंत्राला मात्र अनुदान नाही. म्हणून टिलर किंवा ग्रास कटर घ्यायचा असेल, तर जुन्याच्या मागे लागण्याआधी नव्याची किंमत अनुदान वजा करून बघा. फरक वाटतो तेवढा राहत नाही. पण त्यासाठी सातबाऱ्यावर तिचं नाव हवं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारा बदल महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला, देशाने २००५ मध्ये. कायदा केव्हाचाच आलाय, तलाठ्याकडे जायला मात्र आपले पाय अजून उचलत नाहीत.

शेवटचं, चालवण्याचं. लोडर दोन दांड्यांनी किंवा पेडलने चालतो, त्याला ताकद लागत नाही, सराव लागतो. गावातल्या पोरी पावसापाण्यात घाटातून स्कूटी नेतात, त्यांना हे जड नाही. नीट शिकून, परवाना काढून, पदर-ओढणी खोचून बसायचं. बाईने चालवलं की एक मोठा फायदा होतो. ओझं कुठून कुठे वाहायचं असतं, ते तिला कुणी सांगावं लागत नाही.

तेव्हा येत्या शिमग्याला ओटीवर यंत्राचा विषय निघाला, तर चहाचा ट्रे खाली ठेवा आणि तिथेच बसा. ‘किती ताकदीचं आहे’ हे भावजींना विचारू द्या. तुम्ही एवढंच विचारा, ‘हे आलं की माझ्या डोक्यावरचं घमेलं उतरणार का? आणि कागदावर नाव कुणाचं घालताय?’ या दोन प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत गंठण काही काढून देऊ नका.