ही दया नव्हे, दिरंगाई!



गावित बहिणींची फाशी रद्द झाली तेव्हा शेजारीण म्हणाली, "तुम्हा जैनांना बरंच वाटलं असेल!" नाही हो, मुळीच नाही.

फाशी मला कधीच पटली नाही. पण इथे काय झालं ते बघा. रेणुका शिंदे आणि सीमा गावित आईच्या साथीने लहान मुलं पळवायच्या, चोरीत त्यांचा ढालीसारखा वापर करायच्या, नकोशी झाली की मारून टाकायच्या. १९९६ मध्ये पकडल्या गेल्या. २००१ मध्ये कोल्हापूरच्या न्यायालयाने फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच मुलांच्या खुनांसाठी ती कायम केली. मग २००८ मध्ये दयेचा अर्ज केला. तो फेटाळायला २०१४ उजाडलं! शेवटी जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, तीही सरकारी दिरंगाईवर बोट ठेवून.

मी बी.कॉम. झालेली बाई. दुधाचं बिलसुद्धा महिनाअखेरीला मिटवते. इथे जिवांचा हिशोब वर्षानुवर्षे फायलीत पडून! दया करायची तर विचार करून करा, नाकारायची तर वेळेत नाकारा. त्या मुलांच्या आयांनी किती वर्षं वाट बघायची?

फाशी नको म्हणणाऱ्या आपणच हे मोठ्याने बोलायला हवं. चुकून पायाखाली न आलेली मुंगी म्हणजे व्रत नव्हे. आपल्याकडे तर प्रमादालाच हिंसेचं मूळ म्हणतात. मग टेबलावरच्या या प्रमादाला अहिंसा कसं म्हणू?