‘शेक’ देणारे डॉक्टर

डॉक्टर व्हायचे म्हटले की आपल्या घरांत हृदयाचा, हाडांचा नाहीतर बायकांचा डॉक्टर डोळ्यांपुढे येतो. कॅन्सरच्या रुग्णाला ‘शेक’ देणाऱ्याचे नाव कुणी घेत नाही. पुष्कळांना तो एक्स-रे काढणाराच वाटतो.

वाट लांब आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षे, एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट-पीजी आणि रेडिएशन ऑन्कॉलॉजीत तीन वर्षांचे एमडी. परळच्या टाटा मेमोरियलमध्येही ते करता येते.

खरे काम मशीन सुरू होण्याआधीचे. सीटी स्कॅनच्या एकेका चित्रावर गाठ कुठवर, लाळग्रंथी कुठे, मज्जारज्जू कुठे, हे डॉक्टर रेखून ठरवतो. डोस ‘ग्रे’मध्ये मोजतात. नेहमीच्या पद्धतीत रोज साधारण २ ग्रे, आठवड्यातून ५ दिवस, असे कित्येक आठवडे. इतक्या दिवसांत रुग्णाचे घरही ओळखीचे होते. शेक घेऊन आलेल्या दादीजवळ नातवंडांना जाऊ न देणारी घरे आम्ही पाहिली आहेत. बाहेरून दिलेल्या किरणांचा अंश अंगात उरत नाही, हे त्या घराला पटवणे हेही याच डॉक्टरचे काम.

मशीन कोट्यवधींचे, म्हणून स्वतःचा दवाखाना टाकता येत नाही, बहुधा नोकरीच. एवढ्यावरून हुशार मुले पाठ फिरवतात. आम्हाला हे कारण तोकडे वाटते. रात्रीअपरात्रीची धावपळ इथे कमी, हे मुलींच्या अम्मी-अब्बांनी ध्यानात घ्यावे.

आणि एमबीबीएसला नंबर लागला नाही, पण फिजिक्स आवडते? एमएस्सीनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राचा डिप्लोमा करून मेडिकल फिजिसिस्ट होता येते. डोसचा हिशेब तोच तपासतो.