समुद्राच्या पाण्यातील इंधन : प्रश्न रसायनाचा नव्हे, रसदेचा

12 ऑक्टोबर 2000 रोजी एडनच्या बंदरात ‘यूएसएस कोल’ ही अमेरिकी विनाशिका इंधन भरून घेत होती. स्फोटकांनी भरलेली एक लहानशी नाव तिच्या कुशीला येऊन भिडली आणि 17 नौसैनिक प्राणास मुकले. जगातील सर्वांत बलाढ्य नौदलाची ही नौका त्या बंदरात थांबली होती ती केवळ तेलासाठी. समुद्राच्या पाण्यापासूनच इंधन तयार करता आले तर अशा बंदरांचे तोंड पाहावे लागणार नाही, ही कल्पना लष्करी नियोजनकारांना का मोहवते, हे यावरून ध्यानात यावे.

ही कल्पना भोंदूगिरी नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. पाण्यापासून पेट्रोल म्हटले की भारतीय वाचकाला तामिळनाडूचे रामर पिल्ले आठवतात. 1996 मध्ये वनौषधींपासून इंधन केल्याचा दावा करून त्यांनी शास्त्रज्ञांना आणि पुढाऱ्यांनाही झुलवले होते. 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना फसवणुकीबद्दल शिक्षा ठोठावली. अमेरिकी नौदलाच्या वॉशिंग्टन येथील संशोधन प्रयोगशाळेचे काम मात्र अस्सल आहे. हेदर विलॉअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्राच्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन एकाच वेळी काढणारे उपकरण विकसित केले आणि त्या वायूंपासून मिळवलेल्या द्रव इंधनावर दुसऱ्या महायुद्धातील ‘मस्टँग’ विमानाची लहान प्रतिकृती उडवून दाखवली. एप्रिल 2014 मध्ये प्रयोगशाळेने हे जाहीर केले, तेव्हा एका गॅलनला तीन ते सहा डॉलर खर्च येईल आणि पुरेसा निधी मिळाल्यास सात ते दहा वर्षांत हे तंत्र व्यापारी पातळीवर उतरेल, असा अंदाज वर्तवला होता. ती दहा वर्षे उलटून गेली. स्वतःचे इंधन स्वतः तयार करणारी युद्धनौका कोणत्याही नौदलाकडे नाही.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात, मुख्यतः बायकार्बोनेटच्या रूपाने, सुमारे 100 मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे 140 पट आहे, आणि समुद्राकडे वळण्याचे कारणही तेच. तरीही एक लिटर विमानइंधनातील कार्बनसाठी अडीच किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. म्हणजे सुमारे 25 हजार लिटर पाणी उपसावे लागते, तेही त्यातील सर्व वायू हाती लागला असे मानले तर. रोज एक लाख लिटर इंधन हवे असेल तर 250 कोटी लिटर पाणी यंत्रातून फिरवावे लागेल. मुंबई महापालिका संपूर्ण शहराला दररोज जे पाणी पुरवते, त्याच्या निम्म्याहून बरेच अधिक.

खरी मेख मात्र विजेची आहे. कार्बन डायऑक्साइड हा जळून गेलेल्या कार्बनचा अवशेष. त्याला पुन्हा ज्वलनशील करायचे तर हायड्रोजन जोडावा लागतो आणि येथे हायड्रोजन पाण्याचे विद्युत अपघटन करून मिळवावा लागतो. एक लिटर विमानइंधन जाळल्यावर सुमारे साडेनऊ युनिट ऊर्जा मिळते. ते घडवण्यासाठी 20 युनिटच्या आसपास, किंबहुना अधिक, वीज खर्ची पडते. समुद्र कच्चा माल देतो, ऊर्जा देत नाही. रोजच्या एक लाख लिटरसाठी 80 ते 100 मेगावॉट वीज अखंड लागेल. तारापूरच्या 1969 मधील मूळच्या अणुभट्ट्या प्रत्येकी 160 मेगावॉटच्या आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या भुकेचा अंदाज येतो. आणि इतके करून ‘सुपर हॉर्नेट’ जातीच्या जेमतेम बारा विमानांच्या टाक्या एकदा भरतील.

एवढी वीज भर समुद्रात दोनच मार्गांनी मिळू शकते : अणुभट्टी, किंवा समुद्राच्या वरच्या उष्ण आणि खोलवरच्या थंड पाण्यातील तापमानाच्या फरकावर चालणारे केंद्र. अमेरिकेच्या विमानवाहू नौकांवर अणुभट्ट्या आहेत. पण त्यांची शक्ती नौका चालवण्यासाठी आणि विमाने उडवण्यासाठी बांधलेली आहे, इंधनाच्या कारखान्यासाठी शिल्लक ठेवलेली नाही. म्हणून वेगळे तरंगते केंद्र उभारावे लागेल. तेलवाहू नौका शत्रूच्या नजरेस पडते हे दुखणे. त्यावरचा उपाय म्हणून अणुभट्टी बाळगणारे संथ, अवाढव्य केंद्र समुद्रात उभे करायचे. शत्रूला ते दिसणार नाही, असे मानण्यास आधार काय?

तरीही अमेरिकेत हा विषय निकालात निघालेला नाही. 2011 च्या आर्थिक वर्षात तेथील रसदवाहू ताफ्याने, 15 इंधनवाहू नौकांच्या साह्याने, नौदलाला समुद्रात सुमारे 60 कोटी गॅलन इंधन पोहोचवले होते. एवढ्या मोठ्या शेपटीचे ओझे कमी करण्याची निकड खरी आहे. अडचण येते ती खजिन्यापाशी. नौदलाने गॅलनमागे सुमारे 26 डॉलर मोजून जैवइंधन घेतले, तेव्हा 2012 मध्ये सिनेटच्या सशस्त्र सेवा समितीने नेहमीच्या तेलापेक्षा महाग इंधनाच्या खरेदीस मज्जाव करणारी तरतूद मंजूर केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सिनेटने ती वगळली. 2019 च्या अखेरीस संमत झालेल्या संरक्षण कायद्यात हवेतील व समुद्रातील कार्बन डायऑक्साइड मिळवून इंधन करण्याच्या संशोधनास स्थान मिळाले. तेथील लोकप्रतिनिधी या कल्पनेला प्रयोगशाळेत वाढू देतात, पण ताफ्याच्या इंधन खरेदीत शिरू देताना हात आखडता घेतात. हे शहाणपणाचे म्हणावे लागेल.

किमतीचा युक्तिवाद मात्र अखेरचा नसतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने कोळशापासून इंधन केले, पुढे बहिष्काराच्या काळात दक्षिण आफ्रिकेनेही केले. ते परवडले म्हणून नव्हे, तर तेल मिळेनासे होईल या धास्तीने. जर्मनीचे हे कारखाने 1944 मध्ये दोस्तांच्या बॉम्बफेकी विमानांचे लक्ष्य झाले, हेही विसरता येत नाही.

भारताच्या बाबतीत ही धास्ती अनाठायी नाही. गरजेच्या 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आपण आयात करतो, आणि परक्यांच्या इंधनाचा प्रश्न संसदेला नवा नाही. 1991 च्या आखाती युद्धात चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईसह काही विमानतळांवर इंधन भरू दिले, तेव्हा बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसनेच काहूर उठवले आणि ती सवलत बंद करावी लागली. पंचवीस वर्षांनी, ऑगस्ट 2016 मध्ये, तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या वॉशिंग्टन भेटीत परस्परांना रसद देण्याचा करार झाला. त्याला अनेक वर्षे विरोध करणारा काँग्रेस पक्ष तोवर विरोधी बाकांवर होता. फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, जपान यांच्याशीही असेच करार झाले. समुद्रातून तेल काढण्यापेक्षा मित्रांच्या बंदरांतून ते घेणे स्वस्त, असा हा निवाडा आहे. त्याला जोड म्हणून ऑगस्ट 2023 मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डशी पाच रसद नौकांसाठी सुमारे 19 हजार कोटी रुपयांचा करार झाला. प्रत्येक नौका 44 हजार टनांची.

समुद्रातील इंधनाच्या मार्गावर भारताची सामग्री तुटपुंजी आहे. 2022 मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’च्या चारही गॅस टर्बाइनची एकत्रित शक्ती 88 मेगावॉट आहे आणि त्या तेलावरच चालतात, तेल जाळून तेल करण्यात अर्थ नाही. अणुभट्टी आपल्याकडे पाणबुडीपुरती आहे. तापमानाच्या फरकावरील एक मेगावॉटचे तरंगते केंद्र तुतिकोरिनजवळ उभारण्याचा चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेचा प्रयत्न या शतकाच्या आरंभी फसला तो थंड पाणी वर आणणारा लांबलचक नळ बसवताना. किनाऱ्यावरील वीज वापरावी, तर ती बहुतांशी कोळशाची. अंदमानसारख्या बेटांवरील तळांचा विचार सुचवला जातो. पण जेथे दिव्यांसाठी अजून डिझेल जाळले जाते, तेथे सौर वीज आली तर ती आधी दिव्यांसाठीच वापरणे किफायतशीर.

जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालेल्या 19,744 कोटी रुपयांच्या हरित हायड्रोजन मोहिमेतून या इंधनाचा निम्माअधिक भाग, म्हणजे स्वस्त हायड्रोजन, कदाचित हाती येईल. युद्धनौकांसाठी अणुशक्तीचा विचार नौदलाच्या दीर्घकालीन आराखड्यांत डोकावू लागला आहे. पुढच्या विमानवाहू नौकेवर अणुभट्टी बसवायची की नाही, या निर्णयाशीच समुद्राच्या पाण्यातील इंधनाचे भारतातील भवितव्य बांधलेले आहे, आणि तो निर्णय रसायनशास्त्रज्ञांच्या नव्हे, तर अर्थ आणि संरक्षण या दोन मंत्रालयांच्या हाती आहे.