पैलवानाचा जमाखर्च

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी मंडळी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतात. आम्हां नोकरमाणसांना वही नसते, पण हिशेब असतो. बोनस किती आला, त्यातला कपड्यांत किती गेला, चकलीच्या भाजणीपासून लाडवांच्या तुपापर्यंत वाण्याचे देणे किती झाले, हे आकडे चार दिवस डोक्यात फिरत राहतात. तुपाचा विषय निघाला की आमच्या घरात आवाज थोडा चढतोच. अशा वेळी मला सातारा-सांगलीकडची काही घरे आठवतात. त्या घरांत सणाच्या पोळीवर तूप नसले तरी चालते, पण थोरल्या भावाच्या वाटीत ते कमी पडून चालत नाही. थोरला भाऊ तालमीत असतो.

या थोरल्या भावाचा जमाखर्च कधी कोणी मांडला आहे का? पैलवानाच्या कुस्त्या आपण मोजतो, गदा मोजतो. त्याला काय पडले आणि त्याच्या पदरात काय पडले, हे फारसे कोणी मोजत नाही. यंदाच्या दिवाळीला मी तेवढेच मोजायचे ठरवले आहे. मी स्वतः आयुष्यात लंगोट कसला नाही. पण शाळेत जाण्याच्या वाटेवर तालीम होती, आणि कारकुनी पेशात हिशेबाची सवय जडली. एवढ्या दोन गोष्टींवर हे धाडस करतो आहे.

सातारा आणि सांगली ही नावे मी जोडून घेतो त्याला कारण आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. कागदावर जिल्हे वेगळे झाले. माती काही वेगळी झाली नाही. ती माती म्हणजे तालमीच्या हौद्यातली. तांबडी, चाळणीने चाळलेली, ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली. पहाटे चारला पोरे तिच्यात उतरतात. जोर, बैठका, मग लढती; दुपारी झोप आणि संध्याकाळी पुन्हा तेच. एवढ्या मेहनतीला दूध, तूप, बदामाची थंडाई, खारीक आणि ज्यांना चालते त्यांना मटण. याला खुराक म्हणतात. पावसाळ्यात मैदाने थोडी असतात, पण पोट पावसाळा पाळत नाही. खर्चाची बाजू ही अशी बारमाही.

जमेची बाजू हंगामी. सुगी झाली की गावोगावच्या यात्रा सुरू होतात. यात्रेच्या फडात पहिली पोरासोरांची कुस्ती रेवड्यांवर लागते. मग इनाम वाढत वाढत संध्याकाळी शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत जाते. हलगी कडाडते, फेटेवाले पंच जोडीला हात लावतात, आणि डोंगराच्या उतारावर बसलेली हजारो माणसे एकदम उभी राहतात. इनामाचा पैसा गावच्या वर्गणीचा. वर्गणी जमली तर इनाम. पाऊसपाणी बरे नसेल तर फेटा, नारळ आणि शाबासकी.

आता या खात्यात सर्वांत मोठे नाव पाहा. कऱ्हाडला लागून गोळेश्वर नावाचे गाव आहे. तिथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव जन्मले. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे खाशाबांना लहानपणापासून मातीची ओढ. अंगाने ते थोराड नव्हते. मैदानात उभे राहिले तर समोरच्याला वाटावे, हा काय लढणार! पण ढाक ही त्यांची खास खोड होती. ढाक लागली की समोरचा आकाश पाहत असे. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात, नंतर कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना आसरा देण्याचे कामही त्यांनी केले.

१९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला. तोवर गादीवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांच्या अंगवळणी पडलेले नव्हते. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने तयारी करून घेतली आणि आयुष्य मातीत काढलेल्या या मुलाने फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. घरी परतल्यावर त्यांनी चार वर्षे मेहनत दुप्पट केली.

१९५२ ची गोष्ट आपल्याला शाळेतल्या धड्यासारखी माहीत असते. पण तिच्यातले रुपयांचे आकडे आपण धड्यातून वगळतो. निवडीच्या वेळी एका गुणाने डावलले गेल्याची त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांपर्यंत दाद मागितली आणि पुन्हा झालेल्या लढतीत प्रतिस्पर्ध्याला लोळवून जागा मिळवली. जागा मिळाली, पण हेलसिंकीला जायला पैसे कुठे होते? मुंबई सरकारकडे चार हजार रुपये मागितले, ते मिळाले नाहीत. गावाने वर्गणी काढली. शेवटी राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. आज तुमच्या-आमच्या घरात मुलाच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवायचे म्हटले तरी दोन रात्री झोप येत नाही. आणि हा तर दुसऱ्याचा मुलगा!

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट गटात म्हणजे ५७ किलोच्या आत लढले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्यांनी पाडाव केले. मग जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली, दमवणारी लढत झाली आणि ती हरली. अंगाचा घाम वाळायच्या आत त्यांना रशियाच्या रशीद मामेदबेकोवपुढे उभे राहायला सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता; पण नियम दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी आपल्याला १९९६ सालच्या अटलांटापर्यंत, लिअँडर पेसपर्यंत थांबावे लागले, आणि महाराष्ट्राला तर २०२४ साली पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने नेम धरेपर्यंत. चव्वेचाळीस आणि बहात्तर वर्षे!

त्या वर्षी हॉकीत सुवर्ण आले होते, म्हणून दिल्लीचे लक्ष तिकडे होते. गोळेश्वरने मात्र आपल्या पोराची १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढली. पंधरा मिनिटांच्या वाटेला सात तास लागले असे सांगतात. मला त्या मिरवणुकीपेक्षा तिच्यानंतरचे दिवस अधिक महत्त्वाचे वाटतात. गुलाल धुतला गेल्यावर खाशाबांनी पहिले काम केले ते कुस्त्या धरण्याचे. मैदाने मारून मिळवलेल्या पैशांतून त्यांनी प्राचार्यांचे घर सोडवले. ऑलिंपिकचे पदक गळ्यात, आणि कुस्ती कशासाठी, तर गहाणखत फेडण्यासाठी. जगातल्या किती पदकवाल्यांच्या खात्यात अशी नोंद सापडेल?

१९५५ साली ते पोलिसात सबइन्स्पेक्टर झाले. पुढच्या ऑलिंपिकची आशा गुडघ्याच्या दुखापतीने संपवली. सत्तावीस वर्षे नोकरी करून सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावाने जाहीर झाला तो त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. २०१० साली दिल्लीतल्या कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव मिळाले. देणे उशिरा दिले की त्यावर व्याज द्यावे लागते, असा सावकारी नियम आहे. सन्मानाला तो लागू नसावा.

खाशाबा हलक्या वजनाचे. सांगलीने दिले ते डोंगर. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले, कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली. १९६२ च्या जकार्ताच्या आशियाई सामन्यांतून दोघांनीही सुवर्णपदके आणली. आंदळकर पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीचे वस्ताद झाले आणि २०१८ साली जाईपर्यंत त्यांची सारी ओळख तालमीची राहिली. असे नशीब सर्वांचे नसते. मोठ्या देहाच्या पैलवानाची खरी परीक्षा कुस्ती सुटल्यावर असते. मेहनत थांबते, भूक थांबत नाही. देह मागत राहतो, गुडघे नकार देतात.

माझा भाचा अमेरिकेत असतो. मागे इथे आला होता तेव्हा रात्री जागून तो तिकडच्या फुटबॉलचा सामना पाहत बसे. आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात चेंडू हाताने फेकतात आणि शिरस्त्राण घातलेली माणसे एकमेकांवर आदळतात. मी म्हटले, "अरे, हे पुढचे पाच लठ्ठ गडी चेंडूला हातही लावत नाहीत, मग आहेत कशाला?"

"मामा, ते लाईनमन. त्यांनी नुसते रेटायचे. मागच्याला चेंडू फेकायला वेळ मिळवून द्यायचा."

"आणि नाव कोणाचे होते?"

"मागच्याचे."

मला त्या पाच जणांबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्यांचे वजन सव्वाशे-दीडशे किलो, म्हणजे आपला हिंदकेसरीही त्यांच्यापुढे सडपातळ. मग मी त्यांच्यातल्या एकाची, माइक वेबस्टरची हकीकत वाचली. पिट्सबर्गच्या संघाचा लाईनमन, एकूण सतरा हंगाम खेळला, चार वेळा संघाला अजिंक्यपद मिळाले. खेळ सुटला तसे डोके बिघडत गेले. काही काळ तर तो स्वतःच्या मोटारीत झोपत असे. २००२ साली पन्नासाव्या वर्षी वारला. बेनेट ओमालू नावाच्या डॉक्टराने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा वर्षानुवर्षांच्या आदळआपटीने तो आतून पोखरलेला निघाला. पुढे हजारो जुन्या खेळाडूंनी तिथल्या लीगवर दावा लावला आणि लीगला भरपाई मान्य करावी लागली.

आपल्या पैलवानाच्या डोक्याला एवढा मार बसत नाही, ही मातीची कृपा. त्याचे कान मोडतात, मान जाते, गुडघा जातो. पण त्याने दावा लावायचा कोणावर? यात्रा कमिटीवर? की ग्रामदैवतावर? ज्यांनी त्याला पोसले ते राजे संस्थाने विलीन झाली तसे गेले. मग साखर कारखाने, पोलीस, रेल्वे आली. नामवंत जुन्या मल्लांना सरकारी मानधन मिळते, तेही गदा मिळवलेल्यांना. ज्याने वीस वर्षे यात्रा गाजवल्या पण गदा नाही मिळाली, त्याचे खाते कोरेच. २०२० च्या टाळेबंदीत यात्रा बंद पडल्या तेव्हा कित्येक तालमींतली पोरे खुराक सोडून दुसऱ्याच्या रानात मजुरीला गेली.

आणि तरीही पोरे येतात. आता मुलीही येतात. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ साली सांगलीतच भरली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने मारली. म्हणजे आता धाकट्या बहिणीच्या वाटीचाही हिशेब धरायला हवा.

सांगलीकडच्या एका जुन्या वस्तादांना मी हे सारे ऐकवले. ते हौद्याच्या काठावर बसून माती खालीवर करीत होते.

"वस्ताद, जमाखर्च काही जुळत नाही," मी म्हणालो.

"कसा जुळंल, पाव्हणं? बदामाचा भाव बघितलाय का?"

"मग आईबाप पोरांना पाठवतात कशाला?"

त्यांनी हातातली माती झटकली आणि भिंतीकडे बोट केले. तिथे हनुमंताच्या तसबिरीखाली खिळ्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या ओळीने टांगलेल्या होत्या. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव असतात; त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे प्रत्येक पोराने आपापल्या पिशवीत जपून ठेवली होती. खाली लंगोट वाळत होते. एका पिशवीवर शाईने लिहिलेले होते, 'ओले हात लावू नये'.

"पोलीस भरतीची जाहिरात आली की निम्मी तालीम सकाळी पळायला जाती," वस्ताद म्हणाले. "लागतील त्यातली दोन-तीन. ऱ्हायलेली परत मातीत."

"आणि तुमची पिशवी कुठली, वस्ताद?"

"आमच्या वेळंला प्लॅस्टिक कुठं हुतं," असे म्हणून ते हसले, आणि एका पोराला हाक मारून थंडाई आणायला सांगितली. थंडाईत बदाम कमी होते. पण पेला काठोकाठ भरलेला होता.