आजारी पाखराला औषध पाजताना

बेळगावच्या एका भगिनीचे पत्र पंधरवड्यापूर्वी आमच्या हाती आले. नातवाच्या हट्टापायी त्यांनी बजरीगरची जोडी घरी आणली होती. (बाजारात यांनाच लव्हबर्ड म्हणून विकतात, खरे लव्हबर्ड निराळे.) जोडीतील नर आजारी पडला. पशुवैद्यांनी त्याला तपासून औषधाची एक लहानशी बाटली दिली व दिवसातून दोन वेळा पाजावयास सांगितले. पहिला दिवस नीट पार पडला. दुसऱ्या दिवशी औषध तोंडात जाताच पाखरू ठसकले, नाकपुडीपाशी बुडबुडा दिसला आणि पुढे कितीतरी वेळ ते शेपटी वरखाली हालवीत धापा टाकीत राहिले. त्या लिहितात, "औषध द्यावे तर जीव जाईल अशी भीती वाटते, आणि न द्यावे तरी तेच. आम्ही काय करावे?"

पाखराला त्याच दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे न्यावे, तोवर तोंडात काहीही घालू नये, असे आम्ही त्यांना तातडीने कळविले. परंतु प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही, म्हणून आज या सदरात तोच विषय घेतला आहे.

खरे सांगावयाचे तर हा विषय आमच्या फार जवळचा आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरीही असेच एक निळे पाखरू होते. ते पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसू लागले तेव्हा आम्ही योग्य औषध आणले, आणि ते लेकराला पाजावे तसे पाठीवर उताणे धरून चमच्याने पाजले. नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण आमच्या पिढीने एरंडेलाच्या वाटीसमोर प्रत्यक्ष अनुभवलेली. तीच विद्या आम्ही त्या मुठीएवढ्या जिवावर चालविली. संध्याकाळपर्यंत पाखरू गेले. आजार फार बळावला होता, असे आम्ही मुलांना सांगितले. आजार होताच, पण पाखरू त्याने गेले नव्हते.

पाखराची शरीररचना आपल्यासारखी नाही. त्याच्या छातीत आपल्यासारखा श्वासपटल नसतो; छातीचे हाड पुढेमागे हालते तेव्हाच हवा आतबाहेर होते. म्हणून छातीभोवती मूठ आवळली की नाकातोंड मोकळे असूनही पाखरू गुदमरते. दुसरे असे की, श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते. समोरून, जिभेच्या मध्यावर जोराने सोडलेले औषध थेट तेथे उतरू शकते. फुफ्फुसात गेलेला थेंब औषधाचा असला तरी तो तेथे घातच करतो.

धरण्याची रीत अशी. प्रथम पंखा बंद करावा. छताच्या पंख्याने घरातली किती पाखरे मारली असतील याची गणती नाही. खिडक्या लावाव्यात, दिवा मंद करावा, कारण अंधुक उजेडात पाखरू फारसे उडत नाही. औषध आधी भरून, पुसावयाचे फडके हाताशी ठेवून मगच पिंजऱ्यात हात घालावा. पातळ, मऊ पंचाने पाखराला पाठीकडून उचलावे. त्याची पाठ आपल्या तळहातावर, मान तर्जनी व मधले बोट यांच्या मध्ये आणि बाकीची बोटे अंगाभोवती सैल, अशी पकड असावी. छातीवर एकही बोट दाबले जाऊ नये. पाखरू उभे राहावे, डोके किंचित वर असावे. उताणे कधीही धरू नये.

औषध सुई काढलेल्या लहान सिरिंजने द्यावे. तिचे टोक चोचीच्या डाव्या कडेने आत न्यावे आणि रोख आत, उजवीकडे ठेवावा, कारण पाखराची अन्ननलिका मानेतून उजव्या बाजूने उतरते. ही डावी बाजू पाखराची. ते आपल्याकडे तोंड करून असेल तर ती आपल्या उजव्या हाताला येते. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. एक लहानसा थेंब सोडावा, पाखराने जीभ हालवून गिळलेले पाहावे, मग दुसरा. ते झटापट करू लागले, ठसकले किंवा नाकाशी बुडबुडा आला, तर हात तेथेच थांबवावा व पाखराला पिंजऱ्यात सोडावे. मात्रा पुरी करण्याचा हट्ट धरू नये, डॉक्टरांना विचारावे. औषध लगेच उलटून पडले किंवा एक वेळ चुकली, तरी आपल्या मनाने पुन्हा अथवा दुप्पट देऊ नये.

आता मापाविषयी, कारण सर्वांत मोठा घोटाळा येथेच होतो. बजरीगरचे वजन साधारणपणे ३० ते ४० ग्रॅम. ३५ ग्रॅमचे पाखरू साठ किलोच्या माणसाहून सुमारे १७०० पटींनी हलके झाले. त्याला डॉक्टर कित्येकदा ०.०५ मिलिलीटर, म्हणजे पाण्याचा जेमतेम एक थेंब, एवढीच मात्रा देतात. "एक थेंब जास्त पडला, त्यात काय?" असे आपण सहज म्हणतो, येथे तो एक थेंब म्हणजे दुप्पट औषध होय. त्यात आपल्याकडे मधुमेहाच्या घरांतून इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या सापडतात. एकीवर एका मिलिलीटरचे ४० भाग असतात, दुसरीवर १००. शंभर भागांच्या सिरिंजने पाच भाग घेतले तर ०.०५ मिलिलीटर होते. चाळीस भागांच्या सिरिंजने तेच पाच भाग घेतले तर ०.१२५, म्हणजे अडीच पट. तेव्हा डॉक्टरांकडूनच सिरिंज घ्यावी, आणि कोणत्या रेघेपर्यंत भरावयाचे तेथे त्यांच्यासमोर शाईने खूण करून आणावी. या बाबतीत संकोच करू नये.

पाण्याच्या वाटीत औषध मिसळून मोकळे व्हावे, असा मोह होतो. डॉक्टरांनीच तसे सांगितले असेल तर गोष्ट वेगळी. एरवी आजारी पाखरू पाणी कमी पिते, चव बदलली तर मुळीच पीत नाही. आणि बजरीगर हे मूळचे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातले, थोड्या पाण्यावर भागविणारे. पोटात किती गेले हे मग कोण सांगणार?

डॉक्सिसायक्लिन नावाचे औषध दिले असेल तर पिंजऱ्यातले समुद्रफेस व खनिजाचे खडे काढावेत की काय, हे विचारून घ्यावे. त्यांतील कॅल्शियम या औषधाला बांधून ठेवते व ते अंगी लागत नाही. सिटाकोसिस या रोगावर हेच औषध बहुधा ४५ दिवस चालते. पाखरू चौथ्या दिवशी किलबिलू लागले म्हणून बाटली फडताळात टाकू नये. हा रोग माणसालाही होतो. विष्ठा आधी ओली करून मग पुसावी, हात धुवावेत, आणि घरात कोणाला ताप-खोकला झाला तर आपल्याकडे पाखरू आहे हे त्याच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आपले जुने ओळखीचे हिरवे पोपट या लेखात का नाहीत, असे कोणी विचारील. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या रानातले पोपट पिंजऱ्यात ठेवता येत नाहीत, हे त्याचे कारण.

ऊब मात्र विसरू नये. पिंजऱ्याच्या एका बाजूला जुन्या पद्धतीचा तापणारा दिवा लावावा, दुसरी बाजू गार राहू द्यावी, म्हणजे पाखराला हवे तेथे सरकता येते. आणि ग्रॅम दाखविणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी, दाणे खाण्यापूर्वी, वजन करून लिहून ठेवावे. पाखरे दुखणे लपवितात. रिकामी टरफले चिवडीत बसून जेवल्याचे सोंगही करतात. काट्यापुढे ते सोंग चालत नाही.

हे लिहून होत असता बेळगावच्या भगिनींचे दुसरे पत्र आले. डॉक्टरांनी पाखराला दोन दिवस ठेवून घेतले होते व घरी सोडताना पकड त्यांच्याकडून तीनदा करवून घेतली. आता नातू सिरिंज भरतो, आजी पाखरू धरतात. आजारात वजन २९ ग्रॅमवर आले होते, पत्र लिहिले त्या सकाळी ३२ भरले. औषधाचे अजून सहा दिवस राहिले आहेत.